दहा बाय पंधराचा विजेता

हॅलो?… हॅलो! ज्ञानू? जरा मोठ्यानं बोल रं, तुझ्या मागं हलगी वाजतीया… हां, आता येतंय. चार मिस्ड कॉल टाकले तवा कुठं तुझा फोन आला. अल्लाबक्ष फ्लेक्सवाल्याचं नाव दिसलं की फोन खिशात घालायचा असतो व्हय?… बरं, असू दे. मैदानातच हाईस न्हवं? मग तितनं हलू नगो.

घोडागाडीच्या फायनलला कोण कोण आलं, तेवढं सांग…

कुंडलचा ड्रोन. बरं… शिराळ्याचा किंग. बरं… कोयनानगरचा भूकंप. म्हंजी आपला अंदाज बरोबर हाय… चौथी? चौथी कोण?… मनुबाईंची चिमणी? आपल्या गावातली? ती उसाचं वाडं ओढणारी घोडी?… आस्सं. तीन गाड्यांची फायनल बरी दिसंना म्हणून घेतली व्हय. ऱ्हाऊ दे, म्हातारीला नारळ-साडी मिळंल. तू त्या तिघातला पयला कोण, त्ये सांग.

कशाला म्हंजी? बोर्ड छापायचाय!… शर्यतीआधीच. दर साली आधीच छापतोय… आरं, निकाल लागला की मिरवणूक मैदानातनं थेट चौकात येती. पाच मिनिटांची वाट. घोडा चौकात यायच्या आत त्याचं अभिनंदन टांगलेलं पायजे, न्हाईतर मालकाचं तोंड पडतंय… व्हय, तिघांनी बी ऑर्डर दिलीया. तिघांनी बी पयल्या नंबरचीच दिलीया. दुसऱ्या नंबरची ऑर्डर मला आजपतूर कुणी दिली न्हाई.

तिन्ही छापले असते रं! फ्लेक्सचा रोल संपत आलाय. एका बोर्डापुरता उरलाय, दहा बाय पंधरा, उभा. सांगलीचा माणूस उद्या देतो म्हणाला. आन् तीनला लाइट जाणार, दुरुस्तीसाठी, ती सहाला येणार. शर्यत साडेतीनला. आता वाजले सवादोन. म्हंजी पयला कोण, त्ये मला घोड्यांच्या आधी ठरवायचंय.

गेल्या सालचं इसरलास?… हसू नगो. मिरवणूक वाजतगाजत चौकात आली, सगळ्यांनी वर बघितलं, तर दुसऱ्याच घोड्याचं अभिनंदन. जिंकलेला खाली उभा, हरलेला वर टांगलेला. दोन तास हलगी बंद. नानासो तवाच म्हणाले, यात्रा कमिटीचा अध्यक्ष म्हणून सांगतो अल्लाबक्ष, पुढल्या साली चुकलास तर गावातलं सगळं काम पलूसच्या दुकानाला. सगळं म्हंजी सगळं. वाढदिवस, निवड, निधन… निधन गेलं तर माझ्या घरात चूल पेटायची न्हाई गड्या.

पेंटर होतो तवा बरं होतं. निकाल लागल्यावर डबा-ब्रश घेऊन बसायचो. एक अक्षर चुकीचं लिहिलं न्हाई… व्हय, व्हय, ऱ्हाऊ दे त्ये. एकेक घे. ड्रोन कसा हाय?

रोज चाळीस बदाम. ठाऊक हाय मला, 'चाळीस बदामवाला' म्हणून बोर्डावर टाकायला लावलंय. तू बदाम मोजू नगो, पाय बघ… पाय चांगले. मग अडचण काय?… ऊन सोसत न्हाई? घोड्याला?… टेम्पोत पंखा लावून उभा केलाय? आन् पळताना पंखा कोण धरणार, मालक?… बरं, ड्रोनवर प्रश्नचिन्ह. किंगचं सांग.

लय देखणा. देखणा हाय त्ये कळलं, धाव कशी हाय?… शिराळ्याचं जनावर, नागाला बी भीत न्हाई म्हणतात… मग कशाला भीतो?… त्या वर उडणाऱ्या कॅमेऱ्याला? शूटिंगच्या? सेमीला त्यो डोक्यावर आला, तर ह्यो मागं फिरला?… आन् तरी फायनलला?… बाकीचे दोघं उसात शिरले. बरं. आज कॅमेरा हाय का?… दोन हायेत. शाबास.

थांब जरा, पोरगी चहा घेऊन आलीया… शाहजादी, चहा तितंच ठेव, की-बोर्डावर नगो!… हां ज्ञानू, बोल. भूकंप ऱ्हायला.

आवाजाला अजिबात भीत न्हाई, हां, कोयनानगरचा हाय, त्याच्या पायाखालची जमीन लहानपणापासनं हलतीया… दम बी हाय… मग झालं की!… 'पण' काय? तुझा एक बी घोडा 'पण'शिवाय उभा ऱ्हात न्हाई… घाटात वाढला, कळलं. मग?… सरळ रस्ता दिसला की बावरतो? वळण हुडकतो? आरं, मैदानात वळण कुठनं आणायचं?… एकच हाय, कॅनॉलकडं जाणारं. आन् त्यो तिकडं बघतोय.

म्हंजी एक उन्हाला भीतो, एक कॅमेऱ्याला भीतो, एक सरळ रस्त्याला भीतो. ही फायनल हाय का सरकारी दवाखाना?… शेवटची रेघ कुठं मारलीया यंदा?… मनुबाईंच्या गोठ्यापाशी. बरं. नदीकडनं सुरू, गोठ्याला संपली. ठीक हाय.

तू एक नाव सांग. एकच. डोळे मिटून… भूकंप येणार? नक्की?… शाहजादी, बाहेर पळू नगो! घोड्याचं नाव हाय!

बरं, भूकंपची फाइल उघडतो. ही उघडली. वर देव… 'हार्दिक अभिनंदन'… घोडा… नावाची जागा… आन् खाली चाळीस शुभेच्छुक. थांब. तिसऱ्या ओळीत ह्यो गॉगलवाला कोण?… ज्ञानू, तू हाईस ह्यात! भूकंपचा शुभेच्छुक हाईस आन् मला निष्पक्ष म्हणून—… बरं, ड्रोनची फाइल उघडतो… हितं बी तू. तोच गॉगल. किंगच्यात… किंगच्यात तर पयल्या ओळीत! तिघांना बी मनःपूर्वक शुभेच्छा देऊन बसलाईस, आन् मी तुला विचारतोय पयला कोण!

सगळ्यांनीच दिल्यात म्हणून काय सांगतोस, दिसतंय की. चाळीसच्या चाळीस तीच तोंडं. कुठला बी घोडा आला तरी गाव हरायचं न्हाई, ही युगत कुणाची?… तुझी. वाटलंच.

ऐक, एक सांगू? कुणाला बोलू नगो. घोडा बी एकच हाय… तिन्हीवर. आरं, तिघांनी आपापले फोटो दिले, आन् तिघं बी जाताना हळूच म्हणाले, आमचा जरा बारीक दिसतोय, एखादा भारी टाक की. मग टाकला इंटरनेटवरनं. काळा कुळकुळीत, आयाळ उडतीया. मागं समुद्र होता. समुद्र काढून ऊस लावला… न्हाई, वळखला न्हाई कुणी. ड्रोनचा मालक तर म्हणाला, आमचा ड्रोन असाच दिसतोय, फक्त आमच्या फोटोत येत न्हाई.

थांब… थांब, थांब. देव तेच. घोडा तोच. तोंडं तीच. ज्ञानू, फरक फकस्त नावाचाच हाय रं! मग मी नावाची जागा पांढरी सोडतो आन् बाकीचं आत्ताच छापून घेतो. तिन्ही नावं उरल्यासुरल्या तुकड्यांवर काढून ठेवतो, जिंकंल त्याचं मागनं चिकटवू… लय डोकं हाय, लय डोकं हाय, कवातरी मान्य करत जा. ह्ये बघ, सोडलं. मशीन सुरू. ऐकू येतंय का?… फोन ठेवू नगो. खिशात ठेव, पण चालू ठेव.

…हॅलो? हाईस का?… हितं 'हार्दिक' आलंय, 'अभिनंदन' निम्मं झालंय… आता कान दिसायला लागले. आयाळ… ह्यो आवाज कसला? लाउडस्पीकरवर काय म्हणतोय त्यो?… फायनल आत्ता? आत्ता कशी? साडेतीनला हाय न्हवं?… पाहुण्यांना दुसऱ्या गावच्या शर्यतीला जायचंय. कोण पाहुणे, त्यांना घोडा कुठल्या बाजूनं पळतोय त्ये तरी—… सुटल्या?

सुटल्या! सांग, सांग!… ड्रोन पुढं. बरं… लय पुढं. बरं! हितं घोड्याची छाती आलीया, तू सांगत ऱ्हा… थांबला? कुठं थांबला?… बाभळीखाली. सावलीला. त्याला चाळीस बदाम चारण्यापरीस एक छत्री घ्यायची हुती!… आता किंग पुढं. येऊ दे, येऊ दे… कॅमेरा आला. अर्रर्र… मागं फिरला? पुरता? म्हंजी जितनं सुटला तितं पयला येणार त्यो!

मग भूकंपच की! मी म्हटलं न्हवतं—… बरं, तू म्हटलावतास. कुठं हाय आता?… कॅनॉलच्या वळणापाशी. नगो म्हणावं. सरळ म्हणावं, सरळ!… वळला. गेला? दिसतोय का अजून?… न्हाई दिसत. जाऊ दे, गडी घरला गेला.

मग मैदानात हाय तरी कोण?… गाडी हाय एक? कुणाची?… चिमणी?

चिमणी पळतीया?… पळत न्हाई, चालतीया. दुडक्या चालीनं. आन् गाडीत कोण हाय?… स्वतः मनुबाई? उभ्यानं?… बसून. वाड्याच्या भाऱ्यावर. आरं, वाडं उतरवलंच न्हाई व्हय!… रानातनं वाडं घेऊन येताना नानासोनी हाक मारली, म्हणून तशीच फायनलला आली. बरोबर हाय, तिची रोजची वाट हाय ती. नदीपासनं गोठ्यापतूर. रेघ तुमी मारलीया, घोडीला कुठं ठाऊक? ती वैरणीला चाललीया!

…गेली? रेघेच्या पार?… थांबली बी न्हाई? थेट गोठ्यात?… पाहुणे बक्षिसाची ढाल घेऊन गोठ्यात गेलेत. बरं झालं, बूट शेणानं भरू देत जरा.

म्हंजी नाव मनुबाईंचं. थांब, टाइप करतो. 'श्रीमती मनुबाई यांच्या चिमणी हिने…' आं?

ज्ञानू, लाइट गेली.

गेली म्हंजी गेली! तीनला जाणार म्हणाले हुते, पावणेतीनच झालेत!… किती छापलंय, बघतो… देव हाय. अभिनंदन हाय. घोडा खुरापतूर हाय. खाली कोरं… नाव बी न्हाई आन् तुमी चाळीस बी न्हाई. एकाचं बी तोंड आलं न्हाई… तुझा गॉगल सुद्धा न्हाई, व्हय, किती येळा सांगू? चिमणीला तू कवा शुभेच्छा दिल्यावत्यास?… मनातनं. बरं. मनातलं छापत न्हाई आमच्यात.

नानासो काय म्हणतात?… मिरवणूक आता निघणार? म्हंजी पाच मिनिटांत हितं? त्यांना म्हणावं, हलगी जरा सावकाश वाजवत या… थांब, ऱ्हा लाइनीवर. शाहजादी! माळ्यावरचा तो पत्र्याचा डबा काढ… लाल. आन् पांढरा बी. ब्रश हायेत का बघ, उंदरानं खाल्ले नसतील तर… हायेत? तिन्ही? आण, आण. शिडी मी घेतो.

नाव लिहायला किती येळ लागतोय? हाताला ठाऊक हाय अजून. एवढंच की नाव ओलं असंल, कुणी हात लावू नगा… घोडा? घोड्याचं काय?… काळा हाय खरा. चिमणी तांबडी, न्हवं का? आन् पोट हाय तिला. ज्ञानू, मनुबाई वर बघून काय म्हणतील? त्या तिघांसारखं न्हाई त्यांचं, त्या म्हणतील ह्यो कुणाचा घोडा टांगलाय माझ्या नावावर. त्यांना भारी नगो, त्यांना चिमणी पायजे.

हायेत, रंग हायेत. तांबडा करता येतोय. पोट बी काढता येतंय. कपाळावर पांढरा ठिपका हाय न्हवं तिच्या?… डावीकडं का उजवीकडं?… लक्षात न्हाई? आरं, सकाळपासनं मैदानात हाईस, टापा, पाय, दम, सगळं बघितलंस, आन् पयली आली तिचं कपाळ—… मी तरी काय बोलू म्हणा. बारा वर्षं घोडे छापतोय, पळणारा एक बी बघितला न्हाई.

बरं, मग असं कर. चिमणीला गोठ्यातनं काढा, वाडं खाऊन झालं की. घाई करू नगा, खाऊ द्या तिला पोटभर. आन् चौकात आणून बोर्डाखाली माझ्याकडं तोंड करून उभी करा. मी शिडीवर असंन. बघून काढतो.

ठेव आता. हाताला रंग लागलाय.