दहा पावलं

बाई: ...पण सामान आजच कशाला आवरताय, काका? मोठ्या बाईंनी महिनाअखेरपर्यंत राहायला सांगितलंय ना?

माळी: सांगितलंय. पण आता मी दिसलो की पोरं लांबून जातात. गेल्या आठवड्यापर्यंत अंगाखांद्यावर चढायची. घरून सांगितलं असणार, माळ्याने शाळेत खड्डा उघडा ठेवला म्हणून त्यांच्यातली मुंगी पडली.

बाई: मी तुमच्यासाठी एका रोपवाटिकेत शब्द टाकलाय. ओळखीचे आहेत. उद्यापासून या म्हणतात.

माळी: माझ्या पोटापाण्याची बरीच काळजी घेताय. ती झारी जरा इकडे सरकवा.

बाई: एकवीस वर्षं काढलीत तुम्ही इथे.

माळी: बावीस. शेवटची तीन तुमच्यामुळे जड गेली. वर्गातून बाहेर आणून पोरांना काय काय विचारायचात. सावली कुणाची, झाडाची की उन्हाची? मग ती माझं डोकं खायला यायची. काका, फांदी छाटताना झाडाला विचारता का? म्हटलं, विचारतो की. ते गप्प बसतं, म्हणजे हो. तर ती एवढीशी मुंगी म्हणते, गप्प बसलेला प्रत्येक जण हो म्हणत नसतो, काका.

बाई: ती म्हणेल तसं.

माळी: रात्रभर झोप लागली नाही मला. झाडासाठी.

बाई: काल जाऊन आलात ना तिच्याकडे?

माळी: आलो. मांडीत सळई घातलीय. चालेल म्हणतात, पण पाय ओढेल थोडा.

बाई: थोडा म्हणजे किती?

माळी: ते मी काय सांगू?

बाई: काका, खड्ड्याभोवती दोरी तरी बांधायचीत.

माळी: बांधायला हवी होती. ती चूक माझी. पण सकाळीच तुम्हाला सांगितलं होतं. कुंपणाच्या कडेला तीन खड्डे घेतलेत, रोपं दुपारी यायचीत, पोरांना तिकडे नेऊ नका. तुम्ही मान हलवलीत.

बाई: हलवली असेल. डोक्यात खेळ होता. एकाने डोळ्यांवर पट्टी बांधायची, दुसऱ्याने हात धरून फिरवायचं. विश्वास म्हणजे काय, ते बोलायचं होतं नंतर.

माळी: आणि हात सुटला.

बाई: घामाने. ऑफिसात सांगितलंय मी तसं.

माळी: बाई, मी पाण्याच्या टाकीवर चढलो होतो. वरून सगळं मैदान दिसतं.

बाई: काय दिसलं?

माळी: घामाने निसटलेला हात असा अलगद मागे घेत नाही कुणी.

बाई: मग बोलला का नाहीत तुम्ही?

माळी: खड्डा माझाच होता. आणि वाटलं, तुम्ही सांगाल. आज नाही तर उद्या. सहा दिवस वाट बघितली.

बाई: मुलं तेवीस होती. तिला जोडीदार उरला नाही, म्हणून तिचा हात मी धरला. दहाच पावलं सोडायचा होता. मग विचारणार होते, विश्वास कशावर होता, माझ्या हातावर की तुझ्या पायांवर? तेवढ्यात मागून कुणीतरी हाक मारली. मी वळून बघितलं. तेवढंच.

माळी: मग हे असंच सांगा त्यांना.

बाई: मला काढतील. ते राहू दे. पण मुलांना पुन्हा कधी बाहेर आणणार नाहीत. चार भिंतींत घोकत बसतील बिचारी.

माळी: ते राहू दे, हे खरं का?

बाई: नाही. भीती वाटते मला. तिच्या आईच्या तोंडाकडे बघवत नाही. मुंगीने कुणाला काही सांगितलंय?

माळी: नाही.

बाई: तिला कळलंच नसेल.

माळी: कळलंय. काल तिची आई औषधं आणायला गेली, तेव्हा मी विचारलं. हातात हात नाही म्हटल्यावर जागीच का नाही गं थांबलीस?

बाई: काय म्हणाली?

माळी: म्हणाली, बाईंनी हात सोडला म्हणजे पुढे सपाटच असणार.

(बाई पालथ्या घातलेल्या बादलीवर बसतात. माळी कात्री पुसत राहतो.)

बाई: मोठ्या बाई आहेत का खोलीत?

माळी: आहेत. पाचला निघतात.