साहेबाचा दहावा

(शहागड. गोदावरीचा घाट, सकाळची वेळ. पिंड मांडून झाला आहे. कावळे लांब बाभळीवर बसले आहेत.)

गुरुजी : ...गोत्र माहीत नसलं तर कश्यप म्हणायचं. वडिलांचं नाव?

रामकिसन : प्योत्र. त्यांच्यात बापाचं नाव पोराच्या नावातच असतं, गुरुजी. अर्सेनी पेत्रोविच.

गुरुजी : रशियाच्या माणसाचा दहावा पहिल्यांदाच करून राह्यलो मी. तिकडं पुरून मोकळे झाले म्हणता, मंग इथं हे कशाला?

रामकिसन : जन्मभर त्यांच्या घरचा सैपाक केला मी. खाल्ल्या मिठाला जागायला नको?

उषाबाई : मीठ तर तुम्हीच घालत व्हते त्यांच्या ताटात.

रामकिसन : उषे, आजच्या दिवस गप बस.

उषाबाई : गपच हाय. बापाला भादरलं न्हाई तसं डोकं भादरलं तुम्ही, तरी काही बोलले का मी?

गुरुजी : कावळा तर येईना. काही इच्छा राह्यली असंल बघा. तुम्ही कबूल करा, मंग येतो.

रामकिसन : साहेब, तुमच्या पोरीला मी फोन करत जाईन. तुम्ही गेले हे तिनंच कळवलं, लई रडत व्हती.

गुरुजी : न्हाई. दुसरं काही? नोकरीतलं?

रामकिसन : नोकरीत काय राह्यलं असंल? मुंबईच्या कचेरीत आल्ते तव्हा सगळ्यात खालचे साहेब. मी भाज्या चिरायला. मंग दिल्लीला गेले, मलाबी संगं नेलं. चढत चढत राजदूत झाले, गाडीवर झेंडा लागला. फक्त एक व्हतं, गुरुजी. जन्मभर सरकारचं बोलणं बोलले, स्वतःचं कधी बोलता आलं न्हाई. रिटायर झाल्यावरबी न्हाई. साहेब, आता बोला. इथं कुणी ऐकत न्हाई.

गुरुजी : न्हाईच येत. दर्भाचा कावळा करून शिवू का? मागं लोकं खोळंबलेत.

रामकिसन : नका. अडकून न्हाई ठेवायचं त्यांना.

गुरुजी : मंग मागं कुणाचं मन अडकलंय का त्यांच्यात? तसंबी असतं.

रामकिसन : ...उषे, बोल तू.

उषाबाई : मी न्हाई बोलत.

रामकिसन : हात जोडतो तुला.

उषाबाई : काय बोलू? तुमची माय इकडं दारात डोळे लावून पडली व्हती. मी परतूरला जाऊन फोन केला, जल्दी या म्हणले. अन् साहेब म्हणले, मंत्री जेवायला येऊन राह्यलेत, तेवढं आटपून जा. तुम्ही आले तव्हा राख सावडून झाल्ती. माझ्या मांडीवर गेली ती, किसना किसना करत.

रामकिसन : त्यांची माय गेली, तव्हाबी ते मेजवानीत बसलेले व्हते. चिठ्ठी वाचून खिशात ठेवली अन् पाहुण्याला हसून वाढायला लावलं मला. त्यांना वाटलं, समद्यांचं असंच असतं.

उषाबाई : हे तुम्ही मला कधीच सांगितलं न्हाई.

रामकिसन : त्यांनीच मना केलं व्हतं.

उषाबाई : आता मेल्या माणसाची कीव यायला लावता मला.

रामकिसन : राग सोडला एवढं म्हण, उषे. नुसतं तोंडानं म्हण.

उषाबाई : मायच्या मरणावर तोंडदेखलं न्हाई बोलवत मला. सरका जरा, मला पुढं येऊ द्या. साहेब, मी उषा, किसनाची बायको. राग गेला न्हाई माझा. जाईल असंबी वाटत न्हाई. तो माझ्यापाशी राहू द्या. तुम्ही जा.

गुरुजी : हां... आला. शिवला, बराबर शिवला. चला, रामकिसनराव, पाणी सोडा. जल्दी.

उषाबाई : थांबा गुरुजी, रडू द्या त्यांना. मायसाठी रडायचंबी राह्यलंय त्यांचं.