आई, येते म्हण!

तुम्ही हॉरर पिक्चरला घाबरता, माझी आई त्याच्यावर ओरडायची! नाइन्टीजमध्ये ती नॉटिंगहॅमला माझ्याकडे आली होती. मी हॉस्पिटलात ड्यूटीवर, ती दिवसभर फ्लॅटमध्ये एकटी. एका रविवारी मी व्हिडिओ आणला. खाणीत अडकलेल्या चार बायका, अंधार, वर यायला वाट नाही. मी उशीमागे लपले, आई मात्र खूश.

"बघ, सोडवायला एक पुरुष नाही, पण एक तरी रडतेय का?"

तेवढ्यात त्यातली एक बोगद्यात शिरताना म्हणाली, "आय ॲम गोइंग."

आई टीव्हीवर कडाडली, "जाते काय म्हणतेस? येते म्हण!"

ती बाई काही परतली नाही.

"तरी सांगत होते," आई म्हणाली.

महिन्याभराने एअरपोर्टवर तीच आई मला म्हणाली, "जाते गं."

"आई, येते म्हण!"

"तुझ्या त्या फ्लॅटच्या खाणीत परत? छे! आता तूच वर ये, आपल्या घरी."