एकतीस इंचाची सुतळी

(केदारखेड्याहून आलेले धर्मराज आणि चतुराबाई हे नवरा-बायको. अप्पाराव यांचं जालन्यात भोकरदन नाक्याजवळ शेती-अवजारांचं दुकान. साल २००४, चैत्र लागायला चार दिवस.)

धर्मराज : हा बी तसलाच. अप्पाराव, हा लाकूड कापायचा चौथा कटर काढला तुम्ही. ह्याची बी मूठ मागंच.

अप्पाराव : मूठ मागंच असती ना भाऊ. अख्खा जिल्हा हेच मशीन नेऊन राह्यला.

धर्मराज : अख्खा जिल्हा जमिनीवर उभा राहून झाड पाडतो. मला झाडावर बसून फांदी काढायची हाये. मूठ मागं असली की मशीन हातभर लांब होतं. वर डहाळ्यांत ते फिरवायचं कसं? अन् वजन? हे घेऊन चढायचं म्हंजी पाठीवर शेळी बांधून चढायचं.

अप्पाराव : मंग कुऱ्हाड काय वाईट हाये?

धर्मराज : पिंपळाची फांदी हाये, वाळकी. कुऱ्हाडीचा दणका बसला की वाळकी फांदी आपल्या मर्जीनं मोडती. खाली मारुतीच्या देवळाचे पत्रे हायेत.

चतुराबाई : अन् पत्र्यांच्या अलीकडं आम्ही बाया बसतो, भाऊ. आमच्या गावात पिंपळाखाली कीर्तन होतं. मागच्या साली बुवा अगदी रंगात आल्ते, मृदंग असा भरून वाजत होता, अन् वरून हातभर काटकी आली ती बुवांच्या फेट्यावरच. बुवा हसले. म्हणले, पिंपळानं बी टाळी दिली. पण त्या दिवसापासून कीर्तनात कोणाचं ध्यान बुवाकडं न्हाई, सगळ्या वर पाहून राह्यल्या. औंदा सप्ता आजपासून नवव्या दिवशी बसतो. म्हाताऱ्या म्हणत्यात, आम्ही पारावर येत न्हाई. उषाबाई ऐंशी वर्षांची हाये, एक सप्ता चुकवला न्हाई तिनं. ती म्हणती, मी घरूनच ऐकते. घरून काय ऐकू येतं, भाऊ? नुसता भोंगा.

धर्मराज : तू आता त्यांना समदं कीर्तन सांगू नको. तो कागद दाखव.

चतुराबाई : हे घ्या. औरंगाबादच्या शेतीच्या प्रदर्शनात भेटला होता. हे पाहा चित्र. मूठ वर हाये, डब्याच्या कडीवानी.

अप्पाराव : असं बोला ना. हे झाडावर चढणाऱ्याचं मशीन. एक पडलेलं हाये माझ्याकडं. बंगलेवाल्यानं मागवलं, नंतर माळीच पळून गेला. थांबा, मागून आणतो. लाइट चारला येईल, अंधारात शोधावं लागन.

चतुराबाई : तुम्ही एवढे चिडू नका हो. माणूस बराबर हाये.

धर्मराज : सकाळपासून तीन दुकानं झाली. समदे मलाच सांगून राह्यले, मला काय पाह्यजे ते. एकानं तं ऊसतोडीचा कोयता दाखवला.

अप्पाराव : हे घ्या. उघडा खोकं.

धर्मराज : हां. हे. हेच ते.

अप्पाराव : साडेतीन किलो फक्त.

धर्मराज : साडेतीन? तुमचा तो काटा इकडं घ्या बरं.

अप्पाराव : भरोसा न्हाई का?

धर्मराज : हाताला वेगळं सांगून राह्यलंय. ठेवा. हे पाहा, किती आलं? साडेचार.

अप्पाराव : कागदावर नुसतं इंजिन मोजतात, भाऊ. पट्टी वेगळी, चेन वेगळी. अन् टाकी अजून रिकामी हाये. पेट्रोल अन् चेनचं ऑइल भरलं तं पावणेपाच-पाच धरा.

धर्मराज : म्हंजी नवरी दाखवायची बिनादागिन्याची, अन् लग्नात दागिने आपल्या डोक्यावर.

अप्पाराव : तरी त्या मोठ्यापेक्षा दोन-अडीच किलो कमी हाये. ह्याच्याहून हलकं जालन्यात न्हाई. बरं, फांदी केवढी जाड हाये? पट्टी त्या हिशोबानं लागती.

चतुराबाई : माप हाये माझ्याकडं. ही सुतळी. फांदीला वेढा मारला अन् जिथं टोक आलं तिथं गाठ दिली.

अप्पाराव : वा, वहिनी. लोक येऊन असा हात करून दाखवतात, एवढी एवढी. थांबा, टेप लावतो. एकतीस इंच घेर. तिसरा भाग धरा, दहा इंच जाडी. ह्याची पट्टी बारा इंची. बिलकुल बराबर बसलं. मोठ्याची गरजच न्हाई.

धर्मराज : माप शाळेच्या शिपायानं घेतलं म्हणली ना तू? शिडी लावून?

चतुराबाई : तुम्ही मशीन पाहा.

धर्मराज : पाह्यलं. बांधा, अप्पाराव.

चतुराबाई : असं कसं बांधा? आधी उचलून धरा. डोक्याच्या वर. मी मनातल्या मनात एक अभंग म्हणते. तो पुरा होईस्तोर हात खाली यायला न्हाई पाह्यजे.

अप्पाराव : हे बेस. आजपासून सगळ्याच गिऱ्हाइकांना हीच परीक्षा.

धर्मराज : हे पाहा. धरलं. म्हण तुझा अभंग. पण लांबवू नको.

अप्पाराव : दंड मजबूत हाये भाऊंचा. हलत बी न्हाई.

चतुराबाई : झाला. चांगलं धरलं. आता दोन्ही हातांनी धरा.

धर्मराज : दोन्ही कशाला? म्हणून तं वरच्या मुठीचं घेतलं. एका हातानं फांदी धरायची, एका हातानं मशीन.

अप्पाराव : खाली ठेवा, भाऊ. ठेवा आधी.

धर्मराज : काऊन?

अप्पाराव : तुम्ही बी तेच समजून आले. जो येतो तो हेच समजतो. मूठ वर हाये म्हणून एका हाताचं मशीन, असं न्हाई ते. मूठ वर दिली ती मशीन छातीजवळ राहावं, फांद्यांत अडकू नये म्हणून. उजवा हात वरच्या मुठीवर, डावा ह्या पुढच्या कड्यावर, अंगठा खालून गच्च. अन् माणूस दोरानं झाडाला बांधलेला. हे पट्टीचं नाक हाये ना, हे लाकडाला लागलं की मशीन उलटं उसळतं. डावा हात नसला तं सरळ तोंडावर. माझ्या एका गिऱ्हाइकाला बत्तीस टाके पडले. तो बी म्हणत होता, एका हातानं जमतं.

धर्मराज : मी तीस वर्सं झाडावर चढून राह्यलो, अप्पाराव. फांदी उसळती का न्हाई मला ठावं हाये.

अप्पाराव : फांदीचं ठावं असन. मशीनचं मी सांगून राह्यलो. डावा हात ठेवा कड्यावर. मला नुसतं पाहू द्या.

धर्मराज : गाडी चुकंल आमची. काळी-पिवळी भरली की निघती.

चतुराबाई : भरू द्या. ठेवा हात.

धर्मराज : तू मधी पडू नको.

चतुराबाई : मी मधी पडले न्हाई. मी दिवाळीपासून बाजूला बसून राह्यले. अहो, काकड्याला सगळे टाळ घेऊन उभे राह्यले अन् तुम्ही मागं भिंतीला टेकून टाळी वाजवत होते. एकादशीला तेच. शिवरात्रीला तेच. विचारलं तं म्हणले, टाळाची दोरी तुटली. मी नवी दोरी ओवून दिली. ती अजून कोरीच हाये. टाळ खुंटीवर हायेत, अन् मी रोज झाडताना त्याच्याकडं पाह्यते. ज्या माणसानं तापात टाळ सोडला न्हाई, त्याच्या हातानं तो काऊन सोडला, एवढं मला कळत न्हाई का?

अप्पाराव : काय झालंय हाताला, भाऊ?

धर्मराज : काही न्हाई.

चतुराबाई : दसऱ्याला चिंचेवरून पडले. डावं मनगट जुळलं, पण त्या हाताची शेवटची दोन बोटं मिटत न्हाईत. गावाला सांगितलं, हात बरा झाला. अन् मारुतीपुढं, पंचांसमोर, ही फांदी काढायचा नारळ घेतला. नारळ घेतला की ते काम त्या माणसाचंच. आता ते मागं फिरत न्हाईत.

अप्पाराव : म्हणून एका हाताचं मशीन.

धर्मराज : म्हणून एका हाताचं मशीन. झालं समाधान? आता बांधा.

अप्पाराव : न्हाई बांधत.

धर्मराज : म्हंजी?

अप्पाराव : म्हंजी विकत न्हाई. घ्या, खोक्यात ठेवलं. मला धंदा पाह्यजे, पण असा न्हाई. उद्या केदारखेड्याची बातमी आली तं मला जेवण जाणार न्हाई.

धर्मराज : वा. चार तास उन्हात फिरलो, पाह्यजे ते भेटलं, तं आता दुकानदार विकंना. मंग चढन कोण वर? तुम्ही? पिंपळाला हात लावायला गावात कोणी तयार न्हाई. पाप लागंल म्हणत्यात. त्याला आदल्या सांजेला जाऊन सांगावं लागतं, बाबा, उद्या येतो, तुझं वाळलेलं तेवढंच घेतो, पाखरांना सांगून ठेव. हे सांगणारी आमच्या गावात दोनच तोंडं.

अप्पाराव : दुसरं कोणाचं?

धर्मराज : दुसरं सोडा.

चतुराबाई : कडूबा भाऊजीचं. ह्यांचा चुलतभाऊ. हे वर, ते खाली दोर धरून. वीस वर्सं दोघांची जोडी.

धर्मराज : त्याचं नाव कशाला काढती? त्यानं दोर ढिला सोडला म्हणून मी पडलो.

चतुराबाई : असं तुम्ही गावाला सांगितलं.

धर्मराज : मंग?

चतुराबाई : मंग काही न्हाई. अप्पारावभाऊ, ती सुतळी द्या इकडं. हां. ह्या गाठीकडं पाहा जरा तुम्ही. मघा टेप लावला तव्हा बी तुम्ही मशीनवरून मान वर केली न्हाई.

धर्मराज : गाठीत काय पाह्यचं? गाठ ती गाठ.

चतुराबाई : पाहा तं खरं.

धर्मराज : दुहेरी वेढा. टोक आतून उलटं घेतलेलं.

चतुराबाई : शाळेचा शिपाई अशी मारतो का?

धर्मराज : वर गेल्ता कडूबा?

चतुराबाई : परवा गेल्ते. एकटेच. खाली कोणी दोर धरायला न्हाई म्हणून स्वतःला दोन ठिकाणी बांधून घेतलं. आदल्या सांजेला झाडापुढं उभे राहून बोलत होते, मी पाण्याला जाताना ऐकलं. दुसऱ्या दिवशी सुतळी आणून माझ्या हातात दिली. म्हणले, वहिनी, दादा मशीन आणायला जाईल, माप न घेता जाईल. मोठं घेऊन आला तं त्याला वर पेलणार न्हाई. माझं नाव सांगू नका, न्हाईतं सुतळी फेकून देईल.

अप्पाराव : अन् ह्याच माणसानं दोर सोडला म्हणता तुम्ही?

धर्मराज : पाणी हाये का, अप्पाराव?

अप्पाराव : हे घ्या. सावकाश प्या.

धर्मराज : त्यानं सोडला न्हाई.

अप्पाराव : काय?

धर्मराज : दोर. त्यानं सोडला न्हाई. शेंड्याची एक फांदी हातभर लांब होती. दोर पुरंना. तो खालून ओरडला, दादा, उतर, दोराला जोड बांधून पुन्हा चढ. मला कटाळा आल्ता. मी कमरेची गाठ सोडली. मीच.

चतुराबाई : मला ठावं हाये.

धर्मराज : तुला त्यानं सांगितलं?

चतुराबाई : ते कशाला सांगतील? तुम्हाला दवाखान्यात नेलं तव्हा मी मागं वळून पाह्यलं होतं. दोर फांदीवर लोंबत होता. तुटलेला न्हवता, सुटलेला होता. अन् त्याचं दुसरं टोक चिंचेच्या बुंध्याला दोन वेढे घेऊन तसंच आवळलेलं होतं. भाऊजीनं सोडलेलं न्हवतं.

धर्मराज : मंग सहा महिने बोलली काऊन न्हाई?

चतुराबाई : तुमच्या तोंडून ऐकायचं होतं. कडूबा भाऊजी बी बोलले न्हाईत. लोक त्यांना दोरसोड्या म्हणून राह्यले, तरी बोलले न्हाईत. कीर्तनात आता पार त्या टोकाला उभे राहतात. ते त्या टोकाला, तुम्ही भिंतीला. मधी टाळकऱ्यांची रांग, अन् त्या रांगेत दोन माणसांची जागा रिकामी. बुवा कितीही छान सांगू द्या, माझं ध्यान त्या जागेवर.

अप्पाराव : भाऊ, एक विचारू? दोर धरायला दोन हात लागतात का?

धर्मराज : बुंध्याला दोन वेढे मारले की वजन झाडच धरतं. एका हातानं सोडायचा, एका हातानं आवरायचा. फक्त नजर वरून काढायची न्हाई. बोलायचं न्हाई, तंबाखू मळायची न्हाई. कडूबा तं डोळ्याला पाणी आलं तरी मान खाली घालत न्हवता.

अप्पाराव : मंग?

धर्मराज : तो नारळ मी घेतलेला हाये, अप्पाराव.

चतुराबाई : नारळ घेतलेल्यानं वरच चढायला पाह्यजे, असं मारुतीनं सांगितलं का? काम तुमचंच राह्यलं. खाली उभं राहणं बी कामच हाये.

धर्मराज : अन् पंचांना काय सांगू?

चतुराबाई : आता इथं सांगितलं तेच.

धर्मराज : इथं दोघंच होते. तिथं अख्खा पार असन.

चतुराबाई : असन. कडूबा भाऊजीबद्दल सांगितलं तव्हा बी अख्खा पारच होता.

अप्पाराव : चहा सांगू का? सांगतोच. बिनासाखरेचा कोणाचा?

धर्मराज : अप्पाराव, त्याचा हात माझ्यापेक्षा लहान हाये. तो वरच्या मुठीत बराबर बसंल का?

अप्पाराव : लहान हाताला तं हे अजून बेस.

धर्मराज : त्यानं मशीन कधी चालवलेलं न्हाई.

अप्पाराव : घेऊन या त्याला. आधी जमिनीवर ओंडका कापायला लावू, दिवसभर. पेट्रोलमधी ऑइल किती टाकायचं, चेन किती ताणायची, सगळं दाखवतो. शिकल्याबिगर वर चढू देऊ नका. नऊ दिवस हायेत ना?

धर्मराज : हायेत. पण तो माझ्यासंगं गाडीत बसायला पाह्यजे.

चतुराबाई : न्हाई म्हणले तं?

धर्मराज : न्हाई म्हणला तं उद्या पुन्हा जाईन. परवा पुन्हा. त्याच्या दारात ओटा हाये बसायला.

अप्पाराव : गॅरंटीच्या कार्डावर नाव लिहावं लागतं. तुमचं पूर्ण नाव सांगा.

धर्मराज : माझं न्हाई. कडूबा रखमाजी लिहा. दोर धरणाराचं नाव लिहायची जागा नसन त्याच्यावर.

अप्पाराव : न्हाई, तशी जागा न्हाई.

धर्मराज : राहू द्या. लिहा तेवढंच.

अप्पाराव : झालं. खोकं बांधतो, टपावर टाकलं तं उघडायला नको. वहिनी, ही सुतळी लांब हाये, हिनंच बांधू का? गाठ तेवढी सोडतो.

धर्मराज : ती नका घेऊ, अप्पाराव. दुसरी पाहा. ती गाठ राहू द्या.