शिकवणी बंद

हॅलो?… हां, बोल गं ठमे… नाही, शिलाई मशीन बंद केलंय, बोल… मी जेवले. तू?… बिस्किटं म्हणजे जेवण नव्हे, बाई!

अगं ऐक ना, मीच फोन करणार होते. काल गेले होते… समोरच्या बिल्डिंगमध्ये. मास्तरकडे… हो, त्याच्याचकडे… नाही, नाही, आधी खाली बस… बसलीस?

अगं, वरच्या मजल्यावर पडदे द्यायला चालले होते. तर त्याच्या दाराबाहेर चपलांचे दोन जोड. एवढ्याशा चपला… हो ना, परत शिकवणी सुरू केलीय मेल्यानं!

मग काय… पडदे तिथंच खाली ठेवले. बेल वाजवली. काठी टेकत आला. 'या, या वहिनी,' म्हणे… हो, तस्संच गोड. म्हटलं, माझ्या मुलीनं मला सगळं सांगितलंय… तो? पांढराफटक! 'गैरसमज आहे,' म्हणे. मी पोरींना म्हटलं, दप्तरं उचला… घरी पोचवलं दोघींना. त्यांच्या आयांना सांगितलं, याच्याकडे पाठवू नका… नाही गं, त्यांच्यापाशी तुझा विषय नाही काढला. ते सांगायचं की नाही, हे तू ठरवायचंस. पण तुला आधी विचारायला हवं होतं, ते चुकलंच… रागावलीस?… नक्की?

त्यातल्या एका आईनं तर दारच लावून घेतलं. मग मागून पळत आली. म्हणाली, 'मावशी, दोन आठवडे झाले, शिकवणीची वेळ झाली की पोरगी पोट दुखतं म्हणतेय…'

ठमे?… आहेस ना?

हो… तूही तेच म्हणायचीस. आणि मी? नाटकं नकोत म्हणून पाठीत धपाटा घालून पाठवायचे…

काय?… ओरडायला हवं होतं? कुणी, तू?… अगं, अकरा वर्षांची होतीस! आणि गप्प कुठे होतीस? पोट धरून सांगितलंस, रडून सांगितलंस. तू मुकी नव्हतीस, मी बहिरी होते… थांब, बोलू दे मला. लाज वाटायची तर त्याला वाटू दे, मला वाटू दे. तुला नाही… परत म्हणू? तुला नाही, माझ्या सोन्या.

रड… रड खुशाल. मी फोन धरून आहे… कोण? गिऱ्हाईक आलंय. राहू दे उभं…

तक्रार? तू म्हणशील तेव्हा. मी बरोबर येईन. नको म्हणालीस तरी मी तुझ्याच बाजूची…

काय?… रविवारी?… घरी?… अगं, सहा वर्षं झाली… छे, रडत नाहीये, सर्दी झालीय…

मागच्या गल्लीनं कशाला? मी नाक्यावर उभी राहीन. दोघी समोरच्या रस्त्यानं येऊ, हातात हात घालून… चालेल?

बरं, ठेव आता… तू आधी… बरं बाई, मीच ठेवते. ये गं.