तारामतीला विचारणारा फोन

"हॅलो?… हां, श्रीदेवी, बोल. जेवलो गं… व्हय, पिठलं केलं होतं. अगं ऐक ना, तू पाठवलेलं अजून बघितलं न्हाय म्या."

सास्तूरच्या घरात मल्लिनाथ कॉम्प्युटरसमोर बसून बोलत होते. गावच्या बचत गटातल्या बायकांच्या सगळ्या शेळ्यांची नोंद त्यात होती. कोणतं करडू कोणत्या बोकडाचं, सारं. हे काम त्यांच्या बायकोनं, तारामतीनं सुरू केलं. ती गेल्यावर तिच्याच नावानं ते उघडून मल्लिनाथ नोंदी करीत होते. आता विकतच्या डेटाबेसचं लायसन्स संपत आलं होतं आणि पुण्याची लेक एकच धोशा लावून होती: अप्पा, ओपन सोर्सवर जाऊ.

"फुकट म्हणतीस, पण त्याचा मालक कोण?… कुणीच न्हाय?… म्हंजे देवाला सोडलेल्या वळूवाणी… हसू नको. आजारी पडला तर डॉक्टर कोण आणायचा?… ज्याला दिसंल त्यानं? बरं."

लेकीनं पुन्हा समजावलं. ओपन सोर्सचं आतलं सगळं उघडं असतं, कितीही जणींनी वापरलं तरी चालतं. विकतच्यात माणसागणिक लायसन्स, आणि ते संपलं की आपल्याच शेळ्या आपल्याला दिसायच्या नाहीत. मल्लिनाथ म्हणाले, पण विकतच्याला मदतीला माणूस असतो, मागं बिघडलं तेव्हा त्यांनीच नीट करून दिलं. लेक म्हणाली, आता मी आहे ना. मग अडतंय कुठं, पैशाचं का, असं तिनं विचारलं.

"व्हय… व्हय… कळतंय की. न्हाय गं, पैशाचं न्हाय… लायसन्स तुझ्या आईच्या नावावर हाय. मुदत संपायला आली की त्या कंपनीतली पोरगी फोन करती… मला न्हाय. आईला विचारती. तारामती मॅडम आहेत का, म्हणती… म्या सांगतो, गोठ्यात हाय. मागच्या खेपेला बी तेच सांगितलं."

मल्लिनाथ पडद्यावरच्या तिच्या नावाकडं बघत पुढं बोलले.

"गावात आता कुणी विचारत न्हाय. सगळ्यांना ठाऊक हाय. ती पोरगीच तेवढी विचारती… तुझ्या फुकटच्याचा कुणी फोन करायचा न्हाय."

लेक रडायला लागली. मग म्हणाली, राहू द्या अप्पा, आहे तेच चालू ठेवू. मल्लिनाथांनी खुर्चीमागं वळून पाहिलं. गटातली इरम्मा रोज त्यांच्या खुर्चीमागं उभी राहून नोंद सांगायची. तिला स्वतःला उघडता येत नव्हतं, कारण लायसन्स एकाच नावाचं.

"न्हाय. बदलून टाक. इरम्मानं किती दिवस माझ्या मागं उभं राहायचं? तुझ्या आईला आवडलं नसतं… मेल? मेल नको टाकू. त्या पोरीला म्या सांगतो… हाय की नंबर… काय सांगू म्हंजे? वारली, म्हणून सांगतो… व्हय. आता ठेव, श्रीदेवी. ऑफिस बंद व्हायच्या आत लावतो."