कोकाकोसाठी कान

कानाच्या दवाखान्यात वाइनीने आपलं यंत्र दुरुस्तीला दिलं होतं. तरी समोरच्या बाकावरच्या म्हाताऱ्या जोडप्याचं, हेमी आणि नायरीचं, बोलणं तिला स्वच्छ ऐकू येत होतं.

“हेमी, शनिवारी कापिटी बेटावर जायचंय. बूट घासून ठेव!”

“सूट? बेटावर सूट घालून कोण जातं?”

“अरे, बूट! तळाला गवताचं एक बी दिसलं तरी होडीत चढू देत नाहीत. पक्ष्यांचं राज्य आहे तिथे. अंडी खाणारा उंदीर आत नाही ना, म्हणून पिशव्यासुद्धा उपसायला लावतात.”

“ओरडू नकोस गं. लोक ऐकतायत.”

“तू सोडून सगळे ऐकतायत! इतकी वर्षं यंत्र घे म्हणून घसा फोडला, तेव्हा ढिम्म हलला नाहीस. आज बरा आपणहून आलास?”

“मागच्या खेपेला कोकाको गात होता. तू डोळे मिटून ऐकत होतीस, आणि मी आपला नुसता तुझ्या तोंडाकडे बघत होतो.”

“म्हणजे पाखरासाठी यंत्र! आणि माझं बोलणं?”

“तुझं मला न ऐकताच कळतं.”

नायरी नुसती त्याच्याकडे बघत राहिली.

“घासतो गं बाई, बूट घासतो.”